पेशंटला उभं करताना हात कुठे द्यायचा आणि कधी काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्युपेशनल थेरपीच्या तिसऱ्या वर्षाचं क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालंय. ट्रान्सफरच्या, म्हणजे पेशंटला एका जागेवरून दुसऱ्या जागी घेण्याच्या, पायऱ्या तोंडपाठ आहेत, व्हायवात धडाधड सांगता येतात, पण अर्धांगवायूच्या पेशंटला खरोखर कॉटवरून खुर्चीत घ्यायची वेळ आली की हातपाय गळतात. पेशंट पडला तर? आणि पेशंटला चालवायचं काम फिजिओथेरपिस्टचं असेल, तर आपण नक्की काय करायचं?

दुसऱ्या भागाचं उत्तर लहान आहे, ते आधी देते. फिजिओ पेशंटची ताकद, तोल आणि चाल यावर काम करतात. पेशंटला जायचंय कुठे आणि तिथे पोचून करायचंय काय, तिथून आपलं काम सुरू होतं. आजोबा पॅसेजमध्ये वॉकर घेऊन दहा मीटर चालले, उत्तम झालं. पण रात्री दोन वाजता उठून लघवीला जाऊन यायचं म्हणजे अंधारात बटण शोधायचं, चप्पल न अडखळता घालायची, एका हाताने पायजम्याची नाडी सोडायची, ओल्या फरशीवर वळायचं आणि परत येऊन कॉटवर नीट मधोमध बसायचं. हे सगळं जमलं तर ते आजोबा हिंडते-फिरते झाले असं मी म्हणेन. दोघांच्या कामाची सरमिसळ होतेच आणि चांगल्या युनिटमध्ये त्यावरून कोणी भांडत नाही.

आता मुख्य मुद्दा. ट्रान्सफर जमत नाही याचा अर्थ तुमची ताकद कमी पडते असा बहुतेक विद्यार्थी घेतात. विद्यार्थ्यांचे हात पाहत आले आहे, त्यावरून सांगते: ताकद बहुधा जास्तच लावली जाते, तीही चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी. हात कुठे ठेवायचा आणि कधी काढायचा, एवढं शिकायला पोस्टिंगची वर्षं असतात.

एक उठणं नीट बघू. पेशंट कॉटच्या कडेला बसलाय, डावी बाजू कमजोर आहे. तुम्ही घाईने समोर जाऊन उभे राहता, दोन्ही काखांत हात घालता आणि 'चला, उठा' म्हणता. इथेच तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली म्हणजे तुम्ही त्याच्या अगदी समोर, छातीला छाती लावून उभे आहात. माणूस उठतो तेव्हा आधी पुढे झुकतो, डोकं पावलांच्या वर येतं आणि मग बूड सुटतं. खुर्चीतून उठताना स्वतःवर लक्ष ठेवून बघा. पाठ ताठ ठेवून, मागे रेलून कोणालाच उठता येत नाही. पेशंटला झुकायला जागाच नसली की तो मागे ढकलतो, तुम्ही वर ओढता, आणि मग 'पेशंट कोऑपरेट करत नाही' असा शेरा फाइलीत जातो. समोरून बाजूला व्हा. कमजोर बाजूला, थोडं तिरकं, गुडघे वाकवून उभे राहा, म्हणजे गरज पडली तर तुमचा गुडघा त्याच्या कमजोर गुडघ्याला पुढून टेकण देईल.

दुसरी म्हणजे पावलं. पेशंटला बसवलं तेव्हा ती पुढे पसरलेली होती आणि तशीच राहिली. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे यायला हव्यात, दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली हवीत. कमजोर पाऊल तुम्हालाच हाताने मागे घ्यावं लागेल. बूडही कडेला सरकवून घ्या, निम्मी मांडी गादीच्या बाहेर यायला हवी. सरकारी दवाखान्यातल्या उंच लोखंडी कॉटवर बुटक्या आजींचे पाय लोंबकळतात. अशा आजींना कॉटवरून उठायला शिकवायचा हट्ट नको, मजबूत खुर्चीत घेऊन तिथून शिकवा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, म्हणजे काखेतला हात. स्ट्रोकनंतर सुरुवातीला खांद्याचे स्नायू लुळे असतात आणि सांधा खाली सरकतो. त्या हाताला धरून ओढलं किंवा काखेतून उचललं की खांदा दुखायला लागतो. तो दुखणारा खांदा पुढचे कित्येक महिने सगळीच थेरपी अडवून धरतो. कमरेला गेट बेल्ट, म्हणजे पेशंटला धरण्यासाठीचा रुंद पट्टा, बांधा. नसेल तर रुंद सुती ओढणीची घडी करून पक्की बांधा (पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा पोटात नळी असेल तेव्हा सोडून). एक हात पाठीमागे पट्ट्यावर, दुसरा कमजोर गुडघ्यावर किंवा पाठीच्या फऱ्यावर. खांद्याच्याच निमित्ताने सांगते, घरोघरी दाराच्या चौकटीला टांगलेली ती दोरीची पुली आधी उतरवायला लावा. चांगल्या हाताने लुळा हात जोरात वर खेचण्याचा हा प्रकार खांद्याचं नुकसान करतो, तरी शेजारीपाजारी मोठ्या विश्वासाने सुचवतात.

आता सूचना द्यायची. एकाच माणसाने द्यायची. वॉर्डात मुलगा, सून, मावशी आणि शेजारच्या कॉटवरचे काका असे चौघे एकदम 'उठा, जोर लावा' म्हणत असतात. सगळ्यांना शांत करा. बोलणं कळत नसेल तर खुणेने दाखवा. पुढे झुकणं शब्दांत समजावण्यापेक्षा समोर हातभर अंतरावर एक स्टूल ठेवा आणि 'या स्टुलाला हात लावा' म्हणा. झुकणं आपोआप होतं. बूड सुटलं की तुमचा पट्ट्यावरचा हात फक्त दिशा देतो, वजन उचलत नाही. आणि उठण्याआधी कॉटचे, खुर्चीचे ब्रेक आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) तपासलीत ना? पेशंट डावीकडे वळणार आणि पिशवी उजवीकडच्या दांडीला अडकवलेली, हे रोज कुठे ना कुठे होतं.

पेशंट उठला, पण सगळा भार चांगल्या पायावर आहे हे नुसत्या डोळ्यांना नेहमी दिसत नाही. जमलं तर दोन पावलांखाली दोन वजनकाटे ठेवून बघा. काटे बघून पेशंटलाही कळतं की डावा पाय फक्त सोबतीला आलाय, आणि मग तो स्वतःहून भार टाकायला बघतो. उठणं जड जात असेल तर बैठक उंच करा आणि जमायला लागलं की थोडी थोडी खाली आणा. दिवसातून एकदा पंधरा वेळा उठवून घामाघूम करण्यापेक्षा दर वेळी पाणी प्यायला, फोन घ्यायला, खिडकी लावायला म्हणून उठलेलं बरं. पॅरलल बारमध्ये (आधाराच्या दोन समांतर दांड्यांमध्ये) मिनिटभरसुद्धा न टिकणाऱ्या आजी ओट्याशी उभ्या राहून मेथीची जुडी निवडून संपवतात, हे तुम्हालाही दिसेल. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की परात सरकत नाही, एका हाताने कणीकही मळता येते, आणि तेवढा वेळ पाय उभं राहण्याचं काम करत राहतात.

उठवण्याची घाई मात्र कधी करू नये, तेही सांगायला हवं. 'जितक्या लवकर हलवाल तितकं बरं' असं आपण सगळेच म्हणायचो. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अॅव्हर्ट ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, दोन हजारांहून जास्त स्ट्रोकच्या पेशंटवर केलेली. पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि भरपूर उभं-बसं केलेल्यांचे निकाल तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपेक्षा कमी चांगले आले. याचा अर्थ पेशंटला झोपवून ठेवा असा नाही. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मोठी सेशन्स नकोत, डॉक्टरांना विचारून थोडा थोडा वेळ बसवा. आणि बसवण्याआधी, बसवल्यावर, उभं केल्यावर बीपी घ्या. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर तो उभं राहिल्यावर बीपी पडणारा पेशंट आहे, त्या दिवशीचं उभं राहणं तिथेच थांबवा. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या आणि मणक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये हे फार दिसतं. मणक्याच्या पेशंटचं एक वेगळं: छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, बीपी चढलं, तर लगेच ताठ बसवा, कॅथेटरची (लघवीची) नळी कुठे दुमडली आहे का ते बघा आणि डॉक्टरांना हाक मारा. ट्रान्सफर नंतर.

काही पेशंटमध्ये ताकद असते, तोलही असतो, तरी चालताना ते डावीकडच्या सगळ्या गोष्टींना धडकतात. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झालेल्या कित्येकांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. हे शोधायला महागडी टेस्ट लागत नाही, जेवणाचं ताट पुरतं. ताटातली भाजी, पोळी, आमटी संपलेली आणि डावीकडचं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. विचारलं तर म्हणतात, 'आज चटणी वाढलीच नाही.' घरच्यांना वाटतं तोंडाची चव गेली. अशा पेशंटला वॉकर देऊन मोकळं सोडलं तर डावं पाऊल चाकाखाली सापडतं, डावा खांदा चौकटीवर आपटतो. आधी डावीकडे बघायची सवय लावा. दाराच्या डाव्या चौकटीवर लाल पट्टी चिकटवा आणि ती दिसेपर्यंत मान वळवायला सांगा, चटणीची वाटीही तिच्या जागीच राहू द्या.

आपल्या विषयाचं शिक्षण भारतात १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. इतकी वर्षं झाली, तरी आपण वापरतो ते बरेच फॉर्म अजून असंच धरून चालतात की माणूस खुर्चीत बसतो, पलंगावर झोपतो आणि कमोडवर जातो. रोजची कामं पेशंट स्वतः किती करतो ते मोजणारा बार्थेल इंडेक्स घ्या. मॅहोनी आणि बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला, १०० गुणांचा. ट्रान्सफरला १५, चालण्याला १५, जिन्याला १०. चांगला आहे, भरायला सोपा आहे, मी रोज वापरते. पण जमिनीवरून उठणं त्यात कुठेच नाही. १०० पैकी १०० मिळवलेला पेशंट घरी जाऊन पाटावर बसू शकत नाही, बसला तर उठू शकत नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय आपल्याकडे इतका चालला त्यामागेही हेच आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय असा बनवला की त्यावर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी शेतात जाता येतं.

म्हणून जमिनीवरून उठणं स्वतंत्र शिकवा, अर्थात ज्यांना परवानगी आहे त्यांनाच. मागच्या बाजूने ऑपरेशन करून खुबा बदललेल्यांना सर्जन सांगेपर्यंत जमीन, उकिडवं बसणं आणि मांडी तिन्ही बंद. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही. बाकीच्यांना: चांगल्या बाजूला वळून एका कुल्ल्यावर बसणं, तिथून गुडघ्यांवर येणं, समोर जड, न सरकणारं स्टूल, त्यावर हात, चांगला पाय पुढे टेकवून त्याच्या जोरावर उठणं. चांगलाच पाय पुढे, कारण उचलायचं काम पुढचा पाय करतो. जिन्याचा नियमही याच जातीचा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी चांगल्या हातात. काठी दुखऱ्या बाजूला धरलेला पेशंट दर ओपीडीत एक तरी असतोच.

आता घर. डिस्चार्जच्या दोन दिवस आधी मुलाला सांगा, कॉटपासून संडासापर्यंत चालत चालत मोबाइलवर व्हिडिओ काढून आण आणि दारांची रुंदी टेपने मोजून आण. बाथरूमचं दार पुष्कळदा दोन फुटांचं असतं आणि मोठ्यांची साधी व्हीलचेअर त्यातून जात नाही. हे खुर्ची विकत घेण्याआधी कळलेलं बरं. रॅम्पचं प्रमाण एकास बारा. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार लागतो, चाळीच्या गॅलरीत तो कुठून काढणार? मग खुर्ची मागे कलवून मोठी चाकं आधी उंबऱ्याला लावून वर कशी ओढायची ते घरच्यांना शिकवावं लागतं, तेही मोकळ्या खुर्चीवर आधी. पार्किन्सनचा पेशंट असेल तर उंबरठ्यापाशी पाय खिळतात. तिथे जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवून 'पट्टी ओलांडा' म्हटलं की बऱ्याच जणांचं पाऊल सुटतं.

इंडियन टॉयलेटवर ठेवायची कमोड खुर्ची घ्यायला सांगाल तेव्हा तिच्या पायांचे रबर स्वतः हाताने ओढून बघा. आणि एक प्रश्न विचारायला लाजू नका, कारण पेशंट स्वतःहून सांगणार नाही: धुता कोणत्या हाताने? डावा हात गेला असेल तर धुण्याचं काम जेवणाच्या हातावर येतं. कित्येकांना ते इतकं लागतं की ते संडासला जाणंच टाळतात, पाणी कमी पितात, कमी जेवतात. बाहेरून दिसतं 'हालचाल करायला इच्छा नाही'. जेट स्प्रे चांगल्या हाताला येईल अशा उंचीवर बसवला की पुष्कळांचं अडलेलं पाऊल निघतं. तसंच, दिवसा घरी कोण असतं हे विचारा. फक्त सूनच असेल, तर सासरे तिचा हात धरून संडासला जाणार नाहीत आणि तीही संकोचेल. मग तुमचं ध्येय 'एकाच्या मदतीने' असं असून चालत नाही. संडासापुरतं तरी 'कोणाच्याही मदतीशिवाय' असं लागतं, किंवा पलंगाशेजारी कमोड आणि आडोसा लागतो.

हात काढण्याबद्दल. रोजच्या कामांत लागणारी मदत मोजायच्या फिम स्केलमध्ये पेशंट स्वतः किती काम करतो यावर मदतीची पातळी ठरते: ७५ टक्के किंवा जास्त तो करत असेल तर मिनिमल, ५० ते ७४ मॉडरेट, २५ ते ४९ मॅक्सिमल. विद्यार्थी हे अंदाजाने लिहितात. नोटमध्ये त्याच्या जोडीला एवढं लिहा: आज माझा हात कुठे होता आणि कोणत्या क्षणी भार माझ्यावर आला. 'पट्ट्यावर हात, बूड सुटताना भार घेतला, उभं राहिल्यावर फक्त गुडघ्याला टेकण.' उद्या पट्ट्यावरचा हात सैल करून बघायचा, की गुडघा सोडून बघायचा, हे त्या ओळीतूनच ठरतं. तोंडी सूचना हीसुद्धा मदतच असते. 'पाय मागे घ्या' हे तुम्ही रोज म्हणत असाल तर घरी ते कोण म्हणणार आहे? एक दिवस काहीही न बोलता शांतपणे थांबून बघा. मेंदूला इजा झालेल्या माणसाला सुरुवात करायलाच वेळ लागतो आणि त्या वेळात आपण मध्ये पडतो. घरच्यांना हे सगळ्यात जड जातं. वडील शर्टाच्या बाहीशी झगडताहेत आणि मुलगा नुसता बघतोय, हे त्याला पाप वाटतं. त्याला रिकामं बसवू नका, काम द्या: कमजोर हात बाहीत आधी गेला का बघ, काढताना चांगला हात आधी निघतो का बघ, आणि वडिलांनी सांगितल्याशिवाय हात लावू नकोस.

राहिली पडण्याची भीती. ती पूर्ण जाऊ नये असंच मला वाटतं, पण पडताना काय करायचं हे हातांना माहीत असलं की ती आटोक्यात राहते. पेशंट खाली जायला लागला तर त्याला वर ओढून धरू नका, दोघेही पडाल आणि तुमची कंबर जाईल. एक पाय मागे टाका, पट्टा धरून त्याला स्वतःच्या जवळ घ्या, तुमच्या मांडीवरून घसरत त्याला जमिनीवर बसू द्या आणि डोकं सांभाळा. हे आधी वर्गमित्रांवर, गादीवर करून बघा. तुमच्या दुप्पट वजनाच्या मित्रालाही घ्या. जमिनीवर आल्यावर लगेच उचलायची घाई नको. शुद्ध, बीपी, डोक्याला मार, खुब्यात दुखतंय का, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का, हे सगळं तिथेच बघा आणि डॉक्टर येऊन तपासेपर्यंत डोक्याखाली उशी देऊन राहू द्या. उचलताना चार जण आणि चादर. मग घडलं तसं लिहून इन्चार्जकडे द्या, कोणत्या टप्प्यावर गुडघा सुटला तेही त्यात येऊ द्या. पुढच्या सेशनला बैठक किती उंच ठेवायची हे त्यावरून ठरवता येईल.